घातांक तीनची सत्तावीस वर्षे

१९९६ साली न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमधून आल्बर्ट चँग, लॉरेन फायफर आणि केन वेस्ट या तिघांनी एक आकडा जाहीर केला: २.७. मोजमापातली अनिश्चितता जेमतेम ०.०६. सिद्धांताने सहा वर्षे आधीच सांगून ठेवलेला आकडा होता ३. म्हणजे फरक दहा टक्क्यांचा. एरवी इतक्या अवघड प्रयोगात सिद्धांताच्या एवढे जवळ पोचले तर पेढे वाटावेत, आणि या निबंधाचे स्वागतही तसेच झाले. पण काही जणांना तो फरक खटकत राहिला, कारण हा ३ साधासुधा नव्हता. त्याला २.९९ असण्याचीसुद्धा मुभा नव्हती.

तो तसा का, हे कळायला थोडे मागे जावे लागते. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वाहकातून विद्युतप्रवाह सोडला की प्रवाहाच्या आडव्या दिशेने व्होल्टेज निर्माण होते, हे एडविन हॉलने १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सोन्याच्या वर्खावर दाखवले. त्यानंतर शंभर वर्षे हा परिणाम भौतिकीच्या पाठ्यपुस्तकातला एक साधा धडा होऊन राहिला. ५ फेब्रुवारी १९८० च्या रात्री, पहाटेच्या सुमारास, फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या चुंबक प्रयोगशाळेत क्लाउस फॉन क्लिट्झिंग सिलिकॉनचा एक ट्रान्झिस्टर द्रव हीलियमच्या तापमानाला नेऊन मोजत होते. हॉलच्या परिणामातून येणारा रोध सरळ चढत जाण्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी बदलत होता. पायरीची किंमत म्हणजे २५,८१२.८०७ ओहम भागिले पूर्णांक: १, २, ३, ४. नमुना कोणी बनवला, त्यात किती अशुद्धी होती, त्याचा आकार काय, याचा त्या किमतीवर काही परिणाम नव्हता. प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार या दोनच गोष्टींतून ती संख्या येत होती. १९८५ चे नोबेल क्लिट्झिंग यांना मिळाले, आणि १९९० पासून जगभरच्या मापन संस्था आपला ओहम याच पायरीवरून ठरवू लागल्या.

माती, धूळ, तुटके कोपरे असलेल्या नमुन्यातून अब्जांशापर्यंत अचूक संख्या कशी निघते? याचे एक उत्तर रॉबर्ट लाफलिन यांनी १९८१ मध्ये दिले. दुसरे, आपल्या कथेला अधिक जवळचे, हार्वर्डच्या बर्ट्रांड हॅल्परिन यांनी १९८२ मध्ये दिले. जोरदार चुंबकीय क्षेत्रात नमुन्याच्या आतले इलेक्ट्रॉन जागच्या जागी वर्तुळे काढत फिरतात, त्यामुळे ते कुठेच पोचत नाहीत. कडेवरच्या इलेक्ट्रॉनला मात्र वर्तुळ पुरे करता येत नाही. तो भिंतीला आपटतो, पुन्हा वळतो, पुन्हा आपटतो, आणि अशा उड्या मारत कडेकडेने पुढे सरकतो. एका कडेवर सगळे एकाच दिशेने, समोरच्या कडेवर सगळे उलट दिशेने. वाटेत अशुद्धी आली तरी मागे फिरायची सोयच नाही, कारण मागे जाणारी वाट नमुन्याच्या पार पलीकडच्या कडेवर आहे. प्रवाह वाहतो तो या कडांवरून.

मग दोन कडा मुद्दाम जवळ आणल्या तर? किंवा एका कडेसमोर धातूचा थर उभा करून मध्ये पातळ अडथळा ठेवला तर? क्वांटम नियमांनुसार इलेक्ट्रॉन अडथळा न ओलांडता त्यातून पलीकडे जाऊ शकतो. या टनेलिंगच्या आधारे जॉर्ज गॅमॉव्ह यांनी १९२८ मध्ये किरणोत्सर्गाचा खुलासा केला होता, आणि लिओ एसाकी यांनी १९५७ मध्ये डायोड बनवला होता. हे सगळे जुने. कडांच्या बाबतीत ते नवे झाले, त्याचे कारण ऑक्टोबर १९८१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या फ्रान्सिस बिटर चुंबक प्रयोगशाळेत घडले.

तिथे बेल लॅब्जचे डॅनियल त्सुई आणि होर्स्ट श्टॉर्मर, आर्थर गॉसर्ड यांनी वाढवलेला गॅलियम आर्सेनाइडचा अतिशुद्ध स्फटिक घेऊन बसले होते. आलेखकाच्या कागदावर शेवटच्या पूर्णांकी पायरीच्याही पुढे एक पायरी उमटली. त्सुई यांनी कागदावरचे अंतर बोटांनी मोजले, ते तिप्पट भरले, आणि थट्टेत क्वार्कचे नाव घेतले. थट्टा बरीच खरी निघाली. पायरीची संख्या १ नव्हे, १/३ होती. १९८३ मध्ये लाफलिन यांनी सांगितले की इतक्या प्रबळ क्षेत्रात इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळत एक सामूहिक द्रव बनवतात, आणि त्या द्रवातली लहानशी खळबळ एक तृतीयांश प्रभाराचा कण असल्यासारखी वागते. इलेक्ट्रॉन फुटत नाही, पण समूहाच्या आत त्याचा प्रभार तीन हिश्श्यांत वाटला जातो. श्टॉर्मर, त्सुई आणि लाफलिन यांना १९९८ चे नोबेल याचसाठी मिळाले. गॉसर्ड यांचे नाव त्यात नव्हते. स्फटिक वाढवणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा हेच येते, आणि या इतिहासात ते पुन्हा पुन्हा दिसेल.

या अपूर्णांकी द्रवाच्या कडेचा हिशेब १९९० मध्ये शियाओ-गांग वेन यांनी मांडला. एका मितीत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचे शास्त्र तोमोनागा यांनी १९५० मध्ये आणि लटिंजर यांनी १९६३ मध्ये उभे केले होते. तिथे एकेकटा इलेक्ट्रॉन स्वतंत्र राहत नाही, जे काही हलते ते सगळ्यांची मिळून लाट म्हणून हलते. वेन यांनी दाखवले की अपूर्णांकी द्रवाची कड हा याच जातीचा पदार्थ आहे, फक्त लाटा एकाच दिशेने धावणाऱ्या. आता बाहेरच्या धातूतून एक सबंध इलेक्ट्रॉन या कडेत घुसवायचा, तर काय होईल? संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये शिरण्यासारखे: दारातल्या एकाने सरकून भागत नाही, डब्यातल्या सगळ्यांनी एकाच वेळी जागा करून द्यावी लागते. ऊर्जा कमी असेल तर तो समन्वय जवळजवळ अशक्य. म्हणून साध्या तारेत प्रवाह व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, तसा तो इथे वाढत नाही. वेन यांच्या गणितात १/३ च्या कडेत शिरणारा प्रवाह व्होल्टेजच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज दुप्पट केले की प्रवाह आठपट.

आणि हा घातांक ३ कडेच्या बारीकसारीक तपशिलावर अवलंबून नाही, असा वेन यांचा दावा होता. आतला द्रव १/३ चा आहे एवढे कळले की कडेचा घातांक ठरला, मग अडथळा किती जाड, कड किती गुळगुळीत, काही असो. रोधाच्या पायरीला जी अढळता मिळाली तीच या घातांकालाही मिळायला हवी होती. म्हणूनच २.७ खुपला. व्होल्टेज दुप्पट केल्यावर आठपटीऐवजी साधारण साडेसहापट.

मधल्या काळात सिद्धांतवाले गप्प नव्हते. चार्ल्स केन आणि मॅथ्यू फिशर यांनी १९९२ मध्ये एक मोठा फरक स्पष्ट केला. दोन कडांमध्ये निर्वात किंवा निराळा पदार्थ असेल, तर पलीकडे सबंध इलेक्ट्रॉनच जाऊ शकतो, आणि तापमान उतरवत नेले की टनेलिंग बंद पडत जाते. पण दोन कडांमध्ये तोच अपूर्णांकी द्रव असेल, म्हणजे नमुन्याला मध्येच चिमटा काढून कडा जवळ आणल्या असतील, तर एक तृतीयांश प्रभाराचे तुकडे द्रवातून आरपार जातात, आणि तापमान उतरवले की त्यांची ये-जा उलट वाढते. या दोन टोकांमधला सगळा प्रवास फेंडली, लुडविग आणि सालेअर यांनी १९९५ मध्ये अचूक सोडवून दाखवला. कागदावर इतके पूर्ण उत्तर असलेले आणि प्रयोगात इतके निसटते प्रकरण घन अवस्थेच्या भौतिकीत फारसे सापडत नाही.

चिमट्याचा प्रयोग आयबीएममधील मिलिकेन, अम्बाख आणि वेब यांनी केला. धातूच्या पट्ट्यांवर व्होल्टेज देऊन खालचे इलेक्ट्रॉन ढकलायचे आणि मध्ये एक अरुंद खिंड ठेवायची, अशी रचना. त्यांना मिळालेल्या अनुनादी शिखरांची रुंदी तापमानाच्या दोन तृतीयांश घातात बदलत होती, जशी केन, फिशर आणि स्टीव्हन गिर्विन यांच्या गटाने वर्तवली होती. पण खिंडीतली कड मऊ असते. धातूच्या पट्ट्या इलेक्ट्रॉनांच्या बऱ्याच वर असतात आणि त्यांचा दाब पसरट पडतो. कड नेमकी कुठे सुरू होते हेच सांगता येत नाही.

चँग यांना धारदार कड हवी होती, आणि ती बनवण्याची कला फायफर आणि वेस्ट यांच्याकडे होती. गॅलियम आर्सेनाइडचा स्फटिक एकेका अणुथराने वाढवायचा, मग अतिनिर्वातातच तो स्फटिकाच्या नैसर्गिक पातळीवर मोडायचा, आणि त्या ताज्या, अणुपातळीवर सपाट पृष्ठावर लगेच पुन्हा थर वाढवायचे: आधी ॲल्युमिनियम मिसळलेला पातळ अडथळा, मग धातूसारखा वाहक थर. अशा रीतीने द्रवाची कड आणि धातू यांच्यामध्ये मोजून मापून घडवलेली भिंत उभी राहते. या भिंतीतून चँग यांनी प्रवाह मोजला. व्होल्टेजसोबत तो स्वच्छ घातनियमाने वाढला, आणि घातांक आला २.७. तापमानासोबतच्या वाहकतेचा घातांक १.७५ आला; तिथे सिद्धांताला २ हवा होता.

स्वच्छ घातनियम मिळणे हे मोठेच यश होते. कडेचा पदार्थ वेन म्हणतात त्या जातीचा आहे, यात आता शंका उरली नव्हती. पण दोन वर्षांनी मॅथ्यू ग्रेसन, त्सुई, फायफर, वेस्ट आणि चँग यांनी चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलत तोच प्रयोग केला, तेव्हा गुंता वाढला. सिद्धांतानुसार १/३ पासून २/५, ३/७ अशा इतर पायऱ्यांच्या अपूर्णांकांपर्यंत घातांक ३ वरच थबकायला हवा होता. प्रत्यक्षात तो कुठेही थबकला नाही. क्षेत्र बदलेल तसा सरळ रेषेत घसरत गेला. आतल्या द्रवात पायऱ्या दिसत होत्या, आणि कडेला त्यांचे जणू काही सोयरसुतकच नव्हते.

गंमत अशी की याच सुमारास टनेलिंगनेच अपूर्णांकी प्रभाराचा सर्वांत थेट पुरावा दिला. १९९७ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील मोती हायब्लम यांच्या गटाने आणि फ्रान्समधील साक्ले इथल्या क्रिस्टियन ग्लात्ली यांच्या गटाने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, खिंडीतून जाणाऱ्या प्रवाहातले चढउतार मोजले. प्रवाह सुट्या कणांनी बनलेला असेल तर त्यात अपरिहार्यपणे गोंगाट असतो, आणि त्या गोंगाटाच्या पातळीवरून कणाचा प्रभार काढता येतो. दोघांचेही उत्तर एक तृतीयांश आले. घातांक जुळत नव्हता, पण प्रभार जुळला.

२००० साली 'नेचर'मध्ये आणखी एक प्रयोग छापून आला आणि कडांचे टनेलिंग एका वेगळ्याच वाटेने गेले. शिकागो विद्यापीठाचे वूवॉन कांग यांनी श्टॉर्मर, फायफर, बाल्डविन आणि वेस्ट यांच्यासह दोन इलेक्ट्रॉन-द्रव एकाच पातळीत शेजारीशेजारी ठेवले, मध्ये सुमारे ९ नॅनोमीटर रुंदीची भिंत. ही रुंदी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे: १० टेस्ला क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या सर्वांत लहान वर्तुळाची व्याप्ती साधारण ८ नॅनोमीटर भरते. म्हणजे भिंतीच्या दोन्ही अंगांच्या कडा एकमेकींच्या अंगावरच होत्या, आणि त्यांवरचे इलेक्ट्रॉन उलटसुलट दिशांनी धावत होते. व्होल्टेज जवळजवळ शून्य असताना टनेलिंग सर्वांत कमी असावे, अशी अपेक्षा. काही ठरावीक क्षेत्रांमध्ये तिथेच शिखर उभे राहिले.

अशा गुळगुळीत भिंतीतून जाताना इलेक्ट्रॉनला भिंतीच्या दिशेतला आपला संवेग कायम ठेवावा लागतो. दोन्ही बाजूंच्या ऊर्जापातळ्या नेमक्या त्याच संवेगाला एकमेकींना छेदत असतील, तरच वाट मोकळी. शिखर कुठे येईल याचा बराचसा अर्थ यातून लागला, पण ते इतके रुंद का आणि इतके बुटके का, हे कळेना. अदिती मित्रा आणि गिर्विन यांनी इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिसारणाचा हिशेब मांडला. कोल्लार आणि साचदेव यांनी निराळा हिशेब केला. युन-आ किम आणि एदुआर्दो फ्रॅडकिन यांनी तर सुचवले की भिंत सगळीकडे सारखी नसावीच, एखाद्याच कमकुवत ठिकाणी सगळी ये-जा होत असावी. प्रयोग एक, आणि त्यावरचे सिद्धांत बरेच. त्या वर्षांत या विषयाची साधारण हीच तऱ्हा होती.

२.७ च्या प्रश्नाचे उत्तर दोन दिशांनी शोधले गेले. पहिली दिशा खरे म्हणजे १९९२ पासूनच दिसत होती. दिमित्री च्क्लोव्स्की, बोरिस श्क्लोव्स्की आणि लिओनिद ग्लाझमन यांनी तेव्हा दाखवले होते की मऊ कड ही रेघ नसतेच. इलेक्ट्रॉनांची घनता तिथे हळूहळू उतरते आणि आळीपाळीने वेगवेगळे पट्टे तयार होतात. २००२ मध्ये शिन वान, कुन यांग आणि एडवर्ड रेझायी यांच्या संगणकी हिशेबांतून दिसले की स्फटिक मोडून बनवलेली धारदार कडसुद्धा स्वतःहून पुनर्रचित होते. मुख्य कडेबाहेर इलेक्ट्रॉनांचा एक वेगळा पट्टा सुटतो, आणि त्याबरोबर उलट दिशेने धावणाऱ्या जादा लाटा येतात. लाटा एकाहून जास्त झाल्या की घातांकाची अढळता गेली.

दुसरी दिशा जैनेंद्र जैन यांची. राजस्थानातल्या सांभरचा हा मुलगा लहानपणी अपघातात एक पाय गमावून बसला, जयपूर फूटवर उभा राहिला, जयपूरच्या महाराजा कॉलेजातून आयआयटी कानपूरला आणि तिथून अमेरिकेला गेला. १९८९ मध्ये त्यांनी मांडलेल्या 'कंपोझिट फर्मिऑन' या कल्पनेने २/५, ३/७ यांसारख्या सगळ्या अपूर्णांकांची एक सुसंगत रांग लावून दिली. चँग आणि ग्रेसन यांचे आकडे पाहून जैन आणि सुधांशु मंडल यांनी कडेचा हिशेब याच कल्पनेतून केला. त्यांचा निष्कर्ष बोचरा होता: इलेक्ट्रॉनांमधल्या बलाच्या तपशिलावर घातांक अवलंबून राहतो, म्हणजे अढळतेचा दावाच मुळात ढिला आहे. वेन यांच्या बाजूच्यांना हे पटले नाही. चँग यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या प्रदीर्घ आढाव्यात या सगळ्या बाजू शांतपणे मांडल्या आहेत, पण निकाल दिलेला नाही. तो तेव्हा देता येण्यासारखा नव्हताच. गॅलियम आर्सेनाइडमध्ये याहून चांगली कड बनवणे कोणाला जमत नव्हते.

२००८ मध्ये युलियाना राडू, चार्ल्स मार्कस आणि मार्क कॅस्टनर यांनी फायफर आणि वेस्ट यांच्याच स्फटिकात ५/२ या विलक्षण अवस्थेची खिंड मोजली. तिथल्या खळबळरूपी कणाचा प्रभार इलेक्ट्रॉनच्या ०.१७ पट आला, अपेक्षा पाव होती. पुन्हा तेच: बरोबर दिशा, थोडा चुकार आकडा.

कड बदलली ती पदार्थ बदलल्यावर. ग्राफीन हा कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा, आणि तो २००४ मध्ये मँचेस्टरमध्ये चिकटपट्टीने सोलून वेगळा केला गेला. पुढे तो बोरॉन नायट्राइडच्या दोन पातळ थरांमध्ये सँडविच करून ठेवण्याची रीत रुळली. हे बोरॉन नायट्राइड जगभरच्या प्रयोगशाळांना बहुतेक वेळा जपानच्या त्सुकुबामधून ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे पुरवतात. फायफर आणि वेस्ट यांच्याप्रमाणे या दोघांची नावेही शेकडो निबंधांच्या लेखकयादीत दिसतात. या रचनेत ढकलणाऱ्या ग्राफाइटच्या पट्ट्या इलेक्ट्रॉनांच्या अगदी जवळ असतात. दाब पसरत नाही. कड हवी तिथे, हवी तितकी धारदार घडवता येते, आणि नको असलेले पट्टे सुटायला जागाच उरत नाही. २०१९ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अनिंद्य दास यांच्या गटाने ग्राफीनच्या अशाच कडांतून वाहणारी उष्णता मोजून दाखवली होती.

टनेलिंगचा प्रयोग सांता बार्बरामध्ये अँड्रिया यंग यांच्या प्रयोगशाळेत झाला. लियम कोएन, नोआ सॅम्युएलसन आणि सहकाऱ्यांनी एका बाजूला साधी पूर्णांकी १ ची कड आणि दुसऱ्या बाजूला १/३ ची कड ठेवून त्यांच्यामध्ये एक बारीक संपर्कबिंदू केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या निबंधानुसार, दोन कडांची जवळीक कमी ठेवल्यावर वाहकता तापमानाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलली. वाहकता वर्गात, म्हणजे प्रवाह घनात. वेन यांच्या १९९० च्या गणितातला घातांक ३, या वेळी उणेअधिक न होता.

वेन बरोबर होते, चँग यांचा २.७ सुद्धा बरोबर होता. गॅलियम आर्सेनाइडची कड वेन यांनी गृहीत धरली तेवढी साधी नव्हती, एवढाच फरक. जैन आणि मंडल यांच्या आक्षेपाचे नेमके काय होते, यावर मात्र अजून बोलता येण्यासारखे बरेच आहे, कारण ग्राफीनमध्ये मोजली गेली ती १/३ ची सर्वांत साधी, एकाच लाटेची कड. ग्रेसन यांच्या सरळ रेषेतले २/५, ३/७ हे अपूर्णांक इथे मोजले गेले नव्हते.

याच प्रयोगात दोन्ही कडा अगदी घट्ट जोडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. १/३ च्या कडेची स्वतःची वाहकता पूर्णांकी १ च्या कडेच्या एक तृतीयांश, पण जोडाची वाहकता एक द्वितीयांशावर जाऊन स्थिरावली. आलेल्या प्रभारापेक्षा जास्त प्रभार पलीकडे जातो आणि हिशेब जुळवायला उलट प्रभाराची पोकळी मागे परतते. अतिवाहकांमध्ये आंद्रेयेव यांनी वर्णन केलेली ही परावर्तनाची तऱ्हा इथे घडेल असे सँडलर, शमों आणि फ्रॅडकिन यांनी १९९८ मध्ये लिहिले होते. त्याच वर्षी च्क्लोव्स्की आणि हॅल्परिन यांनी अशा जोडातून एकदिश प्रवाहाचे व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर बनवता येईल असे कागदावर दाखवले होते. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर उलटसुलट प्रवाहावरच चालतो, एकदिश प्रवाहाला तो दाद देत नाही. च्क्लोव्स्की त्यानंतर भौतिकी सोडून मेंदूच्या जाळ्यांच्या अभ्यासाकडे वळले. कोएन आणि मंडळींनी तो ट्रान्सफॉर्मर प्रत्यक्ष चालवून दाखवला, जवळजवळ काहीही ऊर्जा वाया न घालवता. बाहेर पडणारे व्होल्टेज आत येणाऱ्याच्या दीडपट होते, आणि ही दीडपट तारांच्या वेढ्यांमुळे आलेली नव्हती, ती प्रभाराच्या एक तृतीयांश वाटणीतून आली होती.